डब्याच्या पोटातली यादी

खंडेनवमीच्या सकाळी मी तोंड बंद ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आईनं लावलेलं वळण नडलं. शेडमध्ये हत्यारांची पूजा मांडली होती, अक्का हळदी-कुंकवाची वाटी माझ्या हातात देत होत्या, आणि मी मागे सरून हळूच म्हणाले, "मला अडचण आहे, अक्का. तुम्हीच लावा." त्या एका वाक्याची शिक्षा मी पाच महिने भोगली. इतकी वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की तळपायाची आग मस्तकाला जाते. वय वाढलं की राग निवतो म्हणतात. माझा निवलेला नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्या मागे मालकांचं घर. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. त्यांची थोरली बहीण म्हणजे अक्का. त्या मागच्या घरात राहायच्या आणि सोल्डरिंगच्या दोन बायकांवर लक्ष ठेवायच्या. ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला सोनगीरकडचे नाना होते. आणि मी, धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली, बावीस वर्षांची, स्वतःला फार हुशार समजणारी.

आम्ही केळीवाल्यांच्या मोटारींसाठी पॅनेलं बनवायचो. वीज आली की तिन्ही फेज आहेत का ते बघून मोटार आपोआप चालू करायची, एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी संपलं की बंद करायची, हे पॅनेलचं काम. हे सगळं ठरवणारी एक चाळीस पायांची चिप आत असायची. चिप बाजारातून कोरी यायची आणि तिच्यात आमचा प्रोग्रॅम भरावा लागायचा. तो प्रोग्रॅम मी लिहिला होता आणि भरायचंही मीच.

भरण्यासाठी भाऊंनी पुण्याच्या एका डीलरकडून एक डबा आणला होता. निळ्या पत्र्याचा, वर चिप बसवायचं सॉकेट आणि ती घट्ट धरायचा खटका, मागून एक जाडी केबल कॉम्प्युटरला. पडद्यावर चिपांच्या मॉडेलची लांबलचक यादी यायची. आपलं मॉडेल निवडायचं, चिप बसवायची, बटण दाबायचं. काम झालं की हिरवा दिवा, बिनसलं की लाल. खिडकीशेजारचं ते बेंच, तो डबा आणि तो कॉम्प्युटर ही शेडमधली माझी जागा. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही तिघी मुली होतो. त्यातल्या दोघी लग्न होऊन गेल्या, एकटी मी स्वतःच्या बेंचवर बसत होते. त्या बेंचचा मला किती अभिमान होता ते सांगितलं तर लोक हसतील.

तर खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. पूजा झाली की दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. पण बोदवडच्या एका गिऱ्हाइकाला दसऱ्याच्या मुहूर्तावर आठ पॅनेलं हवी होती. दुपारी भाऊ म्हणाले, "पूजा झाली ना? चल, आठ चिपा भरून टाक." म्हणजे नियम भाऊंनी मोडला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर कुणालाही ते आठवलं नाही.

मुंबईहून त्याच आठवड्यात चिपांनी भरलेली एक नवी प्लास्टिकची नळी आली होती. कंपनी जुनीच, पाय तेवढेच, काम तेच, पण मॉडेल नवं होतं. डब्याच्या यादीत त्याचं नाव होतं. मी ते निवडलं. पडद्यावर लिहून आलं की भरण्याचं व्होल्टेज पावणेतेरा. चिप बसवली, खटका लावला, बटण दाबलं. लाल दिवा लागला. दुसरी बसवली, पुन्हा लाल. चिप मरते तेव्हा धूर निघत नाही, वास येत नाही. ती नुसती मुकी होते. अशा पाच मेल्या. सहावी मी नळीतच राहू दिली.

अक्का दारात उभ्या होत्या. "मले ते मशीन समजत नाही," त्या म्हणाल्या, "पण लोणचं समजतं. या दिवसांत बरणीले हात लावला की बुरशी धरते. काहून हात लावला तू?"

मला वाटलं थट्टा करताहेत. मी चक्क हसले. मग भाऊंकडे बघितलं. भाऊ बी.एस्सी. झालेले. भिंतीवर पदवीचा कागद काचेत लावलेला. ते अक्कांना म्हणतील, 'अगं, काय बोलतेस,' अशी मी वाट बघत होते. भाऊ म्हणाले, "तू जरा बाजूला हो." मग त्यांनी आपल्या कपाटातून जुन्या मॉडेलच्या आठ चिपा काढल्या, यादीतून जुनं मॉडेल निवडलं आणि स्वतःच्या हातानं भरल्या. आठही वेळा हिरवा दिवा. अक्कांनी डब्याला नमस्कार केला. सिद्ध झालं.

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, भाऊ, तुम्ही जुन्या चिपा भरल्या, मी नव्या. भाऊ म्हणाले, "मॉडेल यादीत आहे की नाही?" आहे म्हटलं. "मग?" मी मेलेल्या पाच चिपा गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून नियम लागू झाला. दर महिन्याचे चार दिवस मी चिपांना, डब्याला आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पण हे चार दिवस कुठले, ते कळणार कसं? तर मी अक्कांना आधी तारीख सांगायची. अक्कांनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणून शेडमध्ये टांगलं आणि त्यावर पेन्सिलीनं बारीक टिंब काढायला सुरुवात केली. दुधाच्या हिशेबाशेजारी माझं टिंब. माल न्यायला येणारे टेम्पोवाले त्याच कॅलेंडरवर एकादशी बघायचे. मी तेव्हा बेंच वाचवायच्या नादात होते, म्हणून गप्प बसले. भाऊ म्हणाले होते, "घरातल्या माणसांचं मन राखावं लागतं. तुझं बाकी काम चालूच आहे." तेही खरं वाटलं मला, काय सांगू!

पण चिपा मरायच्या थांबल्या नाहीत. त्यांना कॅलेंडर कुठे दिसत होतं? नियम पाळूनसुद्धा दिवाळीनंतर सहा गेल्या. अक्का म्हणाल्या, असर चार दिवसांत उतरत नाही, सात धरा. सात धरले, आठव्या दिवशी आणखी तीन गेल्या. मग एकदा भाऊंनीच नव्या नळीतल्या दोन भरायला घेतल्या आणि त्यांच्या हातून त्या मेल्या. त्या क्षणी मी मनात नाचले. तर भाऊ म्हणाले, "ही नळी तूच उघडली होतीस ना?" माझ्या हातात तेव्हा पक्कड होती. ती खाली ठेवायला मला फार कष्ट पडले.

पुण्याला फोन लावला. डीलरचा इंजिनिअर फार गोड बोलायचा. "मॅडम, थंडीत हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते. तुम्ही हाताला अर्थिंगचा पट्टा बांधता का? लेडीजच्या नायलॉनच्या कपड्यांनी फार प्रॉब्लेम येतो." मी सुती कपडे घालते आणि पट्टा बांधते म्हटल्यावर म्हणाला, "मग बाजारातला माल डुप्लिकेट असेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते मॉडेल आहे, बघा, पडद्यावर पावणेतेरा दाखवतंय ना?" दाखवत होतं. भाऊ शेजारीच उभे होते. 'लेडीज' हा एक शब्द त्यांनी बरोबर उचलला. अक्कांच्या लोणच्याला पुण्याच्या साहेबाचा पाठिंबा मिळाला.

संक्रांतीच्या आसपास माझं बेंच गेलं. मला पॅनेलच्या दारांना स्टिकर लावायला बसवलं. भाऊ म्हणाले, "होळीनंतर प्रोग्रॅमिंगला दुसरा माणूस बघतो. तू इथे राहा, काम आहेच." तीन वर्षं डिप्लोमा करून मी 'सावधान, धोका' असा स्टिकर सरळ लावायला शिकले. सोल्डरिंगच्या बायका चांगल्या होत्या, पण त्याही चिप लावलेलं कार्ड माझ्यासमोरून नेताना पदराआड धरायला लागल्या. त्यांच्यावर मी काय रागावणार? होळीपर्यंत माझ्याकडे दीड महिना होता. तेवढ्यात सिद्ध करायचं होतं की चिपा माझ्या हातानं मरत नाहीत, नाहीतर ते बेंच कायमचं गेलं.

पहिल्या रविवारी मी धुळ्याची एस.टी. पकडली, घरी गेले आणि सोमवारी रजा टाकून जुन्या कॉलेजात. तिथल्या प्रयोगशाळेत चिपांची जाडजूड डेटा बुकं होती. जुन्या मॉडेलला भरताना एकवीस व्होल्ट लागतात, नव्याला पावणेतेरा. नव्या मॉडेलच्या पानावर चौकटीत इशारा होता की यापेक्षा जास्त दिलं तर चिप कायमची निकामी होईल. परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. पडदा म्हणतो पावणेतेरा. सॉकेटवर खरंच किती येतं?

ते बघणं दोन मिनिटांचं काम. भाऊंना म्हटलं, तुमच्यादेखत एकदा मीटर लावू द्या. रिकाम्या सॉकेटला मीटर लावलं, नवं मॉडेल निवडलं, बटण दाबलं. काटा एकवीसवर गेला. "बघा," मी ओरडलेच. भाऊंनी बघितलं. मग अक्कांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्या दिवशी तिथे टिंब होतं. "मीटर कुणाच्या हातात आहे?" ते म्हणाले. "आणि पडद्यावर तर पावणेतेरा आहे. कंपनी खोटं लिहील का?"

त्या दिवशी मला कळून चुकलं की माझ्या हातून निघालेलं काहीच या शेडमध्ये खरं धरलं जाणार नाही. माझं मीटर, माझा डोळा, माझी जीभ, सगळंच बाटलेलं. मला असा पुरावा हवा होता की ज्याला माझा हात लागलेलाच नाही. तो डब्याच्या स्वतःच्याच पोटात असायला हवा होता. यादीतल्या प्रत्येक मॉडेलला किती व्होल्टेज द्यायचं, हे सॉफ्टवेअर कुठूनतरी वाचत असणार. डब्याबरोबर डीलरनं दिलेल्या फ्लॉपीवर मुख्य प्रोग्रॅमशिवाय एकच मोठी फाईल होती. मॉडेल त्यातच असणार.

भाऊ माल पोचवायला नरडाण्याला गेले त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती फाईल उघडली. साध्या अक्षरांत वाचता येईल अशी ती नव्हतीच. नुसते आकडे, दोन-दोन चिन्हांच्या जोड्या, एका ओळीत सोळा. अशा प्रत्येक जोडीला बाइट म्हणतात. उजव्या कडेला मात्र जिथे अक्षरं असतील तिथे ती दिसत, आणि त्या कडेला मॉडेलची नावं दिसली. मी ती सगळी फाईल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायला लावली. प्रिंटर किरकिरत राहिला आणि कागदाची लांब पट्टी जमिनीवर उतरत राहिली. अक्कांनी घरातून डोकावून बघितलं. प्रिंटर ओरडतो आहे म्हणजे काम चाललं आहे, अशी त्यांची समजूत होती, म्हणून त्या परत गेल्या.

ते कागद मी स्टिकरच्या टेबलाखाली ठेवले आणि दिवसभर स्टिकर लावता लावता बघू लागले. नावं होती, पण कुठल्या नावाचे आकडे कुठून कुठे, ते कळेना. एक नाव ओळीच्या सुरुवातीला, पुढचं मध्ये, त्यापुढचं कडेला. तीन दिवस मी त्या कागदांवर रेघोट्या मारल्या आणि रागानं दोनदा पेन्सिलीचं टोक मोडलं. शेवटी नाना आले. नाना जन्मभर तारा गुंडाळत आलेले. हजार वेढे द्यायचे असले तर हजारच देणार, कुणी मध्ये बोललं तरी मोजणी चुकणार नाही, ओठ हलत राहणार.

"काय करी राहिनी व पोरी?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, एका नावापासून दुसऱ्या नावापर्यंत किती जोड्या आहेत तेवढं कळलं तर गाठ सुटेल, पण माझी मोजणी दर वेळी वेगळी येते.

"माले इंग्रजी येत नही," नाना म्हणाले, "पन मोजता येस." त्यांनी खिशातून बॉबिनची एक चकती काढली, मी खूण केलेल्या पहिल्या नावावर ठेवली आणि बोटानं एकेक जोडी सरकत ओठ हलवायला लागले. दुसऱ्या नावापाशी थांबले. बावन्न. तिसऱ्यापाशी बावन्न. दहा नावं मोजली. "बठ्ठं बावन्नवर येस. एकबी चुकत नही." सगळीच्या सगळी बावन्नावर. मी मोजत होते तेव्हा नावापुढच्या रिकाम्या जागा सोडत होते, कारण त्या मला रिकाम्या दिसत होत्या. नानांना अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी काही सोडलं नाही.

बावन्न बाइटांची एक ओळ, एका मॉडेलची. सोळाच्या कागदावर बावन्न म्हणजे तीन ओळी आणि वर चार, म्हणून नावं तिरकी सरकत होती. एकदा हे कळल्यावर मी पाठकोऱ्या कागदांवर सगळी यादी नव्यानं उतरवायला घेतली, एका मॉडेलला एक ओळ, बावन्न घरं. नाना आकडे दाखवायचे, मी लिहायचे. डेटा बुकातून उतरवून आणलेले जुन्या चिपांचे व्होल्टेज माझ्याकडे होते. पंचवीस व्होल्टच्या सगळ्या चिपांच्या ओळीत एकतिसाव्या घरात एकच आकडा, आणि साध्या पद्धतीत मांडला तर तो अडीचशे. साडेबारावाल्यांच्या त्याच घरात एकशे पंचवीस. म्हणजे व्होल्टेजला दहानं गुणून तिथे ठेवलं होतं. पंधरा-वीस मॉडेलं ताडून बघितली, एकही चुकलं नाही. मग मी आमच्या जुन्या चिपेची ओळ काढली. एकतिसाव्या घरात दोनशे दहा. एकवीस व्होल्ट, बरोबर.

तिच्याखालची ओळ नव्या मॉडेलची. एकतिसाव्या घरात दोनशे दहा.

मी दोन्ही ओळी शेजारी ठेवून घर न् घर वाचलं. नाव बदललेलं होतं. पडद्यावर दाखवायचं 'पावणेतेरा' हे वाक्य बदललेलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं वरच्या ओळीतून उचललेलं. कुणीतरी पुण्यात का मुंबईत खुर्चीवर बसून जुनी ओळ खाली उतरवली, नाव बदललं, पडद्यावरचा मजकूर बदलला आणि एक बाइट बदलायला विसरला. बोलायचं पावणेतेरा आणि द्यायचे एकवीस. त्याच्या त्या विसरण्यामुळे माझ्या शरीराच्या तारखा भिंतीवर टांगल्या गेल्या होत्या. मला रडू यायला हवं होतं. पण मी इतकी संतापले होते की हातातल्या कागदाचा कोपरा फाटला.

"डबा खोटा बोलस," नाना म्हणाले, "आनि शिव्या तुले पडतस."

कागद दाखवला तर भाऊ म्हणणार, हे तुझ्या हातचं आहे. म्हणून मी वाट बघितली. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या दिवशी माझं टिंब होतं, त्याच दिवशी सकाळी मी सगळ्यांना शेडच्या मधोमध बोलावलं. भाऊ, अक्का, नाना, सोल्डरिंगच्या दोघी. मी म्हणाले, "आज मला अडचण आहे. पहिलाच दिवस आहे. सगळ्यांनी ऐकलं ना?" सोल्डरिंगच्या दोघी जमिनीकडे बघायला लागल्या. अक्कांनी पदर तोंडाला लावला. भाऊ म्हणाले, "हे काय बोलणं झालं?" मी म्हटलं, "पाच महिने भिंतीवर लिहिलंत, तेव्हा चाललं. आज तोंडानं बोलले तर काय झालं?"

माझा आवाज चढला होता. मी कॉम्प्युटरपाशी बसले. फाईलची एक प्रत केली आणि तिच्यात ती एकच जोडी बदलली, दोनशे दहाच्या जागी एकशे सत्तावीस, वरचा अर्धा सोडून. भाऊंना म्हटलं, आता तुमच्या हातानं न उघडलेली नवी नळी फोडा आणि चिप माझ्या हातात द्या. त्यांनी दिली. पट्टा बांधला नाही. उघड्या हातानं चिप बसवली, बटण दाबलं. हिरवा. दुसरी दिली. हिरवा. दहा चिपा भरल्या आणि दहाही वेळा हिरवा दिवा लागला. मग मी जुनी फाईल परत घातली आणि भाऊंना म्हणाले, "आता अकरावी तुम्ही भरा, स्वतःच्या हातानं." त्यांनी भरली. लाल.

भाऊंनी पुण्याला फोन लावला आणि मला ऐकू जावं म्हणून रिसीव्हर कानापासून लांब धरला, तेवढं त्यांनी केलं. तोच गोड आवाज. "हो हो, त्या मॉडेलचा तो प्रॉब्लेम होता. आमच्या लक्षात आलंय, दिवाळीतच दुरुस्त केलंय. नवी फ्लॉपी तुम्ही मागवलीच नाहीत." दिवाळीतच! म्हणजे तो मला नायलॉनच्या कपड्यांबद्दल विचारत होता तेव्हा त्याला माहीत होतं. मी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलताना मी बाईसारखी बोलले नाही असं भाऊ नंतर म्हणाले.

भाऊंनी माफी मागितली नाही. "चल, बरं झालं सापडलं," एवढंच म्हणाले. "उद्यापासून बस बेंचवर." दुसऱ्या सकाळी मी आले तर डब्यावर गोमूत्राचे थेंब होते. अक्कांनी शुद्ध करून घेतला होता. सॉकेटातही गेलं होतं. नानांनी अर्धा तास घालवून स्पिरिटनं पुसलं आणि शिव्या ओठांतच ठेवल्या. कॅलेंडर मी खिळ्यावरून काढलं आणि अक्कांच्या दारात नेऊन ठेवलं. मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. चैत्रात एक दिवस अक्का बेंचपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या महिन्यात कधी गं?"

मी म्हटलं, "अक्का, मशीनची चूक होती. तुम्ही डोळ्यांनी बघितलं."

"मशीनची होती, मी कुठे नाही म्हणते," अक्का म्हणाल्या. "पण डबा पूजेचा आहे. ते चार दिवस नकोच. माझ्या मनाला बरं वाटतं."

मी भाऊंकडे गेले. भाऊ म्हणाले, "माझा विश्वास नाही त्यावर. आता तर मुळीच नाही. पण मला त्या घरात राहायचं आहे. चार दिवसांचा प्रश्न आहे, कशाला ताणतेस? नाहीतर मग मला दुसरा माणूस बघावा लागेल." हे ते अगदी प्रेमानं म्हणाले. पाच महिने वाट बघून, बावन्न बावन्न घरं मोजून, सगळ्यांसमोर लाज सोडून मी जे सिद्ध केलं, ते त्यांना मान्य होतं. त्यानं काहीही बदलत नव्हतं, एवढंच.

मी खोलीवर जाऊन उशी बडवली. नोकरी सोडायचं ठरवलं, रद्द केलं, पुन्हा ठरवलं. जळगावात दुसरं असं बेंच कुठे होतं? मग मी एक गोष्ट केली. मी अक्कांना खोटी तारीख सांगितली.

त्यानंतर दोन वर्षं दर महिन्याला मी खोटी तारीख सांगितली. मला काही होत नसायचं तेव्हा चार दिवस स्टिकर लावायचे, आणि पोटात कळा येत असायच्या तेव्हा ताठ बसून चिपा भरायचे. त्या चार दिवसांत माझ्या जागी भाऊ चिपा भरायचे, मी दुरुस्त केलेली फाईल वापरून. एकही चिप मेली नाही. त्यांच्या हातूनही नाही आणि माझ्या हातूनही नाही. फ्लॉपीतला खोटा आकडा शोधायला मी जीव काढला, आणि मग स्वतः दर महिन्याला कॅलेंडरवर खोटा आकडा घालत बसले. कॅलेंडर परत आलं होतं, हे सांगायचं राहिलं. आता ते कपाटाच्या आतल्या बाजूला होतं, म्हणजे माझा मान राखला होता.

लग्न ठरलं तेव्हा मी नोकरी सोडली. माझ्या जागी भुसावळहून डिप्लोमा झालेली एक मुलगी आली. शेवटच्या आठवड्यात मी तिला सगळं शिकवलं. डबा, सॉकेट, यादी, बावन्न घरं, एकतिसावं घर. ती हुशार होती, भराभर लिहून घेत होती. शेवटच्या दिवशी अक्का आमच्यापाशी येऊन बसल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला म्हणाल्या, "हिच्यासारखी राहा. दोन वर्षांत हिनं एकदाही तारीख लपवली नाही. म्हणून बघ, एक चिप मेली नाही."

ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिला कळत नव्हतं की हसायचं की काय करायचं. खंडेनवमीच्या दिवशी मी अशीच भाऊंकडे बघत उभी होते. तिला खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि मला तर आता त्या शेडमध्ये गमवायलाही काही उरलं नव्हतं. अक्कांचा हात माझ्या पाठीवर होता. मी हो म्हणून मान डोलावली.